वहीत आहे तेवढंच

सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाच्या अगदी पायाशी एक लांबट टेबल असतं. बातम्यांत ते कधी दिसत नाही, कारण कॅमेरे मंत्र्यांवर रोखलेले असतात. त्या टेबलाशी मान खाली घालून माणसं लिहीत असतात. समोर मंत्री भांडोत, विरोधक बाकं बडवोत, कोणी चक्कर येऊन पडो, ही मान वर करत नाहीत. बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवायचा आणि वर जाऊन टाइप करायचा, एवढंच त्यांचं काम. या टेबलाशी एकोणतीस वर्षं काढलेल्या एका बाईची ही गोष्ट. तिला सगळे अचूकबाई म्हणायचे.

हे नाव खात्याच्या मोठ्या साहेबांनी ठेवलं होतं. एकोणतीस वर्षांत तिच्या कागदावर एकदाही दुरुस्तीची चिठ्ठी लागली नव्हती. टायपिंगच्या खोलीत तिची चेष्टा चालायची, की अचूकबाईंना शिंकसुद्धा बारी संपल्यावर येते. ती हसायची, पण मनातून सुखावायची. का सुखावू नये? दुसरं होतं काय बाईकडे? लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा धाकटी बहीण सात वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं हिनंच केलं.

आणि स्थळ कुठून आणलं, तर याच टेबलावरून. शेजारच्या खुर्चीत बसणारा एक सरळ, नाकासमोर चालणारा माणूस तिनं चार वर्षं पारखला आणि मग घरी जेवायला बोलावला. त्याचं अक्षर इतकं बारीक, की अख्खं अधिवेशन तो दीड वहीत बसवायचा. म्हणून खोलीत त्याला मुंगी म्हणत. घरी बहीण चिडली की तीही म्हणायची, "या मुंगीला जरा समजाव गं ताई." मुंगी बिचारा हसायचा. त्याला राग येतच नसे. अचूकबाईला हा मेहुणा सख्ख्या भावासारखा होता, आणि तीही त्याला भाऊजी म्हणायची ते अगदी मनापासून.

आता कामाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडलं. प्रत्येकाची बारी दहा मिनिटांची. दहा मिनिटं सलग लिहिलं की बोटं वळतात, म्हणून. पण पुढचा लेखक एक मिनिट आधीच येऊन शेजारी बसतो आणि लिहायला लागतो. ते एक मिनिट दोघंही लिहितात. दोघांच्या मधून एखादा शब्द निसटू नये यासाठी ही सोय. त्या मिनिटाला ही मंडळी शिवण म्हणत. वर गेल्यावर दोन्ही कागदांची शिवण जुळवून बघायची आणि मगच छापायला पाठवायचं.

दुसरी रीत खुणांची. जी वाक्यं रोज शंभर वेळा येतात ती कोण लिहीत बसणार? 'आदरणीय अध्यक्ष महोदय' म्हणजे नुसतं एक टिंब. 'प्रस्ताव बहुमताने संमत झाला आहे' म्हणजे गळासारखा एक आकडा आणि त्याच्या पोटात टिंब. ही खूण अचूकबाईनं नोकरीच्या दुसऱ्या वर्षी स्वतः काढली होती आणि नंतर सगळ्यांनी उचलली. अध्यक्षांनी 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे' असं सुरू केलं, की तिचा हात आपोआप त्या आकड्याकडे निघायचा. डोक्याला विचारायची गरजच पडत नसे.

सरकार निवडूनच आलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. कोणी बंदुका घेऊन आलं नव्हतं. लोकांनी उन्हात रांगा लावून मतं दिली होती, आणि अचूकबाईनंही दिलं होतं. आधीच्या लोकांनी जीव नकोसा केला होता, ते बरे गेले, असंच तिला वाटलं होतं. मग हळूहळू एकेक गोष्ट व्हायला लागली. प्रश्नांचा तास अर्ध्या तासाचा झाला. पत्रकारांची गॅलरी रंगकामासाठी बंद झाली, आणि रंग वाळायला दोन वर्षं लागली तरी कोणी विचारलं नाही. विरोधातले सभासद निलंबित व्हायला लागले, आधी दोन, मग अकरा. कॅमेरे दुरुस्तीला गेले. आणि सगळं अगदी नियमानं हं! प्रत्येक गोष्टीला परिपत्रक असायचं, त्यावर जावक क्रमांक असायचा.

एक परिपत्रक त्यांच्या टेबलासाठीही आलं. कोणी मध्ये ओरडलं की कंसात 'गोंधळ' असं लिहायची पद्धत होती. यापुढे लिहू नये. सभागृहात गोंधळ होत नसतो. 'हशा' मात्र लिहावं, आणि 'बाकांचा गजर' आवर्जून लिहावं. ते वाचून अचूकबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ती मोठ्या साहेबांकडे जाऊन भांडली, घसा बसेपर्यंत भांडली. दुसरं परिपत्रक आलं तेव्हा ती नुसती मुंगीकडे बघून चुकचुकली. तिसरं आलं तेव्हा म्हणाली, "कुठल्या फायलीत लावू?" आणि पाचव्या-सहाव्यानंतर तिला काही वाटेनासंच झालं. भीती म्हणाल तर तीही नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा आपला राहत नाही, तसं आतून झालं होतं. भूक लागत होती, झोप येत होती, बस वेळेवर पकडली जात होती. बाकी सामसूम.

मग तो निवडणुकीचा प्रस्ताव आला. परिस्थिती अनुकूल होईपर्यंत निवडणुका पुढे ढकलाव्यात, आणि परिस्थिती अनुकूल झाली की नाही हे सरकारनं ठरवावं. दोनच कलमं, अर्ध्या पानाचा मजकूर. दुपारी साडेतीनला तो मांडला गेला. अचूकबाईची बारी तीन चाळीसची होती.

उरलेल्या विरोधकांत एक म्हातारे शाळामास्तर होते. ते बोलायला उठले तर त्यांचा माइक बंद. ते बिनमाइकचे बोलले. मग मतदान आलं. अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होय झालं. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. आणि त्या 'नाही'चा आवाज अचानक मोठा आला! सरकारच्या स्वतःच्या बाकांवरूनही आला, मागच्या दोन रांगांतून. सभागृह क्षणभर चाटच पडलं. मास्तर खच्चून ओरडले, "मोजणी घ्या! डोकी मोजा!" एका जरी सभासदानं मोजणी मागितली तरी ती घ्यावीच लागते, असा नियम आहे. अध्यक्ष उठले. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, तोंड उघडलं, पण आवाज काही फुटला नाही. मग ते वळले आणि मागच्या दारानं निघून गेले. घंटा वाजली, आणि कामकाज संपलं.

तीन एकोणपन्नास झाले होते तेव्हा मुंगी शेजारी येऊन बसला होता. मतदानापासूनचं हे सगळं शिवणीच्या मिनिटात झालं.

वर जाऊन अचूकबाईनं वही उघडली आणि जे होतं ते टाइप केलं. 'नाही म्हणावे.' त्यापुढे 'मोजणी घ्या, डोकी मोजा.' त्यापुढे आकडा आणि आकड्याच्या पोटात टिंब. तिची बोटं टाइप करून मोकळी झाली. प्रस्ताव बहुमताने संमत झाला आहे. तिनं खाली सही केली आणि कागद ट्रेमध्ये टाकला. पर्स खांद्याला लावून जिन्याच्या चौथ्या पायरीवर आली, तेव्हा तिला अध्यक्षांचं ते उघडं राहिलेलं तोंड आठवलं. ते बोललेच नव्हते. ती तिथं उभी राहिली. परत वर जायला हवं, हे तिला कळत होतं. पण बस पाच दहाची होती, आणि उद्या शिवण जुळवताना निघेलच की, असं म्हणून ती खाली उतरली.

पण शिवण जुळवायला कोणी थांबलंच नाही. कागद त्याच संध्याकाळी छापून गेला आणि सकाळी कायदा झाला होता.

मुंगीच्या कागदावर त्या जागी वेगळंच होतं. 'अध्यक्ष काही न बोलता निघून गेले.' त्यानं तो नेहमीसारखा ट्रेमध्ये ठेवला होता, कारण त्याला दुसरं काही करता येतच नव्हतं. मास्तरांनी कोर्टात धाव घेतली, की प्रस्ताव संमत झालाच नाही, वह्या मागवा. कॅमेरे तर दुरुस्तीला गेलेले, तेव्हा पुरावा म्हणाल तर या दोन वह्याच. कोर्टाच्या आधी सरकारनं चौकशी समिती नेमली. अधिकृत नोंदीत फेरफार करून राज्याविरुद्ध कट केल्याचा ठपका मुंगीवर आला. नोकरी गेलीच असती, पण नोकरीचं काय घेऊन बसलात! कटाबद्दलच्या नव्या कायद्यानं त्यासाठी सात वर्षांची शिक्षा होती.

रविवारी सकाळी मुंगी आणि बहीण दोघं अचूकबाईकडे आली. बहिणीचे डोळे सुजले होते. मुंगी मात्र नेहमीसारखा दाराशी चपला नीट जोडून ठेवून आत आला.

"ताई, तुमचा हात पुढे गेला असणार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "माझाही जातो. मागच्या महिन्यात मी 'सभा तहकूब' आधीच लिहून मोकळा झालो होतो. मग खोडलं."

"हो भाऊजी. हातच गेला पुढे."

"मग तेवढंच सांगा त्यांना. हात सवयीनं गेला, अध्यक्ष बोलले नाहीत. एकोणतीस वर्षांत चूक नाही तुमची. तुम्ही स्वतः चूक झाली म्हणालात तर कोण नाही म्हणेल?"

बहीण तिचा हात धरून म्हणाली, "ताई, तू सांगशील ना गं? तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला?"

"वेडी आहेस का? सांगेन ना," अचूकबाई म्हणाली. आणि तिला सांगायचंच होतं, यात काडीचं खोटं नाही. बहीण गळ्यात पडून रडली. अचूकबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपल्यालाही रडू यायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिनं जरा वाट पाहिली, पण आलं नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. धमकी वगैरे काही नाही. उलट म्हणाले, "बाई, तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगत नाहीये. तसं सांगायची माझी हिंमत तरी होईल का? वही पुढे ठेवतील. वहीत आहे तेवढंच वाचा. इतकी वर्षं दुसरं काय केलंत तुम्ही?"

"पण साहेब, वहीत जे आहे ते..."

"वहीत आहे ते वहीत आहे," साहेब कपाळ चोळत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "बाई, मला दोन वर्षं राहिलीत हो. चहा घ्या, गार होतोय." तिनं चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. लांब कॉरिडॉर, एक बाक, बंद दार आणि दाराशी स्टुलावर एक शिपाई. मुंगी आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, डबा आणि एक स्वेटर होता. "तुमच्या बहिणीनं कोंबलंय," तो ओशाळून म्हणाला. "म्हटलं, अगं, तासाभराचं काम आहे. पण ऐकेल तर शपथ." तिला आधी आत बोलावलं.

आत तीन जण बसले होते. मधले समितीचे अध्यक्ष, एका बाजूला एक वकील, एका बाजूला एक जण ज्याची ओळख कोणी करून दिली नाही. कोपऱ्यात एक पोक्त लेखक पेन्सिल घेऊन तयार. तिची वही तिच्यापुढे ठेवली गेली.

"ही वही तुमची?"

"हो."

"अक्षर तुमचं?"

"माझंच."

"खूण केलेल्या ठिकाणापासून वाचा."

तिनं वाचलं. आवाज स्वच्छ, एका पट्टीत, जसा टायपिंगच्या खोलीत असायचा तसा. नाही म्हणावे. मोजणी घ्या, डोकी मोजा. प्रस्ताव बहुमताने संमत झाला आहे. कोपऱ्यातल्या लेखकानं ते उतरवून घेतलं आणि पेन्सिल थांबवली.

"ठीक," मधले म्हणाले. "आणखी काही सांगायचं आहे?"

हे त्यांनी विचारलं, बरं का. पुढे कोणी म्हणालं, की बाईला बोलूच दिलं नाही, तर ते खरं नाही. विचारलं आणि थांबलेसुद्धा. तिनं वाक्य तयार ठेवलं होतं. सकाळी मोरीत, तांब्या हातात धरून, तीन वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं. माझा हात सवयीनं पुढे गेला, अध्यक्ष ते बोलले नाहीत. पण आता ते वाक्य सापडेना. म्हणजे आठवत होतं सगळं, पण ते आपण म्हणायचं असतं, हे कुठंतरी जुळेना. एकोणतीस वर्षांत, जिथं बोललेलं लिहून घेतलं जातं अशा खोलीत, तिनं स्वतःचं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. अशा खोलीत दुसरे बोलतात. ती वाट पाहत राहिली, कोणी बोलतंय का म्हणून. मधल्या गृहस्थांच्या कोटाचं एक बटण सैल झालं होतं, दोऱ्यावर लोंबकळत होतं. कोणी तरी लावून द्यायला हवं, असं तिच्या मनात आलं.

"नाही," ती म्हणाली.

"धन्यवाद. बाहेर बसा."

घाबरली असती तर गोष्ट वेगळी होती. घाबरलेल्या माणसाला निदान कळतं, की आपण घाबरलो आणि चुकलो. तिच्या छातीत धडधडसुद्धा नव्हती. आल्या पावली ती दारातून बाहेर आली.

शिपाई पाणी आणायला गेला होता. मुंगी ताडकन उठला. "सांगितलंत ना, ताई?"

त्याचा चेहरा अगदी जवळ होता. दाढी करताना हनुवटीवर जरासं कापलं होतं, तिथं कागदाचा कपटा चिकटलेला होता. खरं सांगायचं तर अजून वेळ होता. दार उघडंच होतं, चार पावलं मागे फिरायचं होतं. पण त्यानं प्रश्न असा विचारला होता, की 'हो' म्हणणं सगळ्यात सोपं होतं.

"हो," ती म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. गेले तीन आठवडे ते वर चढलेले होते, हे तिला आत्ता दिसलं. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "ही रात्रभर विचारत होती, ताईला धीर होईल ना, ताईला धीर होईल ना. म्हटलं, तू तुझ्या बहिणीला ओळखत नाहीस." त्यानं हनुवटीवरचा कपटा काढला, शर्ट खोचला आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "ही धरता जरा? दोन मिनिटांत आलोच." आणि तो आत गेला. मजेत गेला हो, परीक्षेत सगळं येत असलेल्या पोरासारखा.

ती बाकावर बसून राहिली. पिशवीला धुतलेल्या कपड्यांचा वास येत होता. फोन वाजला, बहिणीचा होता.

"ताई, झालं का गं?"

"भाऊजी आत गेलेत आत्ताच."

"तू सांगितलंस ना सगळं?"

"हो."

पलीकडे बहीण हुंदका आणि हसू एकदमच आल्यासारखी काहीतरी बोलली. मग म्हणाली, "येताना दोघं इकडेच या. मी स्वयंपाकाला लागते. तुला काय करू?"

"काहीही कर," ती म्हणाली.

दोन मिनिटांची वीस झाली, वीसची पन्नास. आतून एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा मुंगीचा आवाज चढलेला ऐकू आला, आणि हा माणूस आवाज चढवू शकतो हे तिला आजच कळलं. मग काहीच ऐकू येईना. आतून घंटी वाजली तसा शिपाई आत गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि पुन्हा स्टुलावर बसला. चष्मा काढून त्यानं पुसला.

"ते गेले का अजून आत आहेत?" तिनं विचारलं.

"नेलं त्यांना. मागून लिफ्ट आहे, तिकडून." शिपाई जरा वाकून हळू आवाजात म्हणाला, "भला माणूस दिसला हो. शेवटपर्यंत एकच घोषा. ताईंना विचारा, ताईंनी तुम्हाला सांगितलंय, ताईंना बोलवा. आतल्या साहेबांनी लिहून घेतलेला कागद दाखवला त्यांना, तरी म्हणतात कागद चुकलाय, ताई असं करणारच नाहीत. शेवटी हाताला धरून न्यावं लागलं." त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "ही ताई म्हणजे कोण हो?"

"त्यांच्या बायकोची बहीण," अचूकबाई म्हणाली.

"असं होय. मग ती पिशवी त्यांच्या घरी पोचती करता येईल का? इथं ठेवून घेत नाहीत."

"देईन मी," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन उठली.